झाड कशातून वाढते? : एका प्रश्नाचा इतिहास

मूठभर वजनाचे रोप मातीत लावावे आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्याच जागी कित्येक खंडी लाकडाचा वृक्ष उभा असावा, हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे, की त्यात विचारण्यासारखे काही आहे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु एवढे लाकूड आले कोठून? मातीतून आले म्हणावे, तर वृक्षाच्या बुंध्याशी तेवढाच मोठा खड्डा पडावयास हवा होता. तसा तो पडत नाही. शाळेत आपण प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घोकतो: हरितद्रव्याच्या साहाय्याने व सूर्यप्रकाशाच्या बळावर वनस्पती पाणी आणि कर्बवायू यांपासून साखर तयार करतात व प्राणवायू बाहेर टाकतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रश्नोत्तरांप्रमाणे ती आपल्याला मुखोद्गत असते, आणि मुखोद्गत असल्यामुळेच तिच्याविषयीचे कुतूहल संपलेले असते. या एका वाक्यातील प्रत्येक शब्द मिळवण्यासाठी माणसांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ खर्च केला. त्यांत एक कार्डिनल होते, धर्मचौकशीला सामोरा गेलेला एक श्रद्धावान कॅथलिक होता, आणि प्रॉटेस्टंट पंथांचे तीन धर्मसेवकही होते. हा इतिहास वाचकांपुढे ठेवावा आणि त्यातील एका डच वैद्याला त्याचे न्याय्य स्थान मिळवून द्यावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच आम्ही केला आहे.

ॲरिस्टॉटलच्या मते वनस्पतींना पोट नसते, कारण जमीन हेच त्यांचे पोट. तेथे तयार झालेले अन्न त्या मुळांवाटे शोषून घेतात. हे मत जवळजवळ दोन हजार वर्षे कुणी तपासून पाहिले नाही. तपासण्याची कल्पना सुचली ती क्यूसाच्या निकोलस या जर्मन कार्डिनलांना. १४५० साली लिहिलेल्या एका छोट्या संवादग्रंथात त्यांनी सुचवले, की कुंडीत शंभर पौंड माती तोलून घ्यावी, तीत रोपे वाढवावीत आणि मग दोहोंचे वजन करावे. मातीचे वजन फारसे घटलेले दिसणार नाही, म्हणजे रोपांचे वजन पाण्यातून आले असले पाहिजे. कार्डिनलांनी हा प्रयोग प्रत्यक्ष केल्याचे दिसत नाही. परंतु निसर्गाला प्रश्न विचारावयाचा तर तराजू हाती घेऊन विचारावा, हा विचार त्या काळी नवा होता आणि तो ख्रिस्तसभेच्या एका राजपुत्राने मांडला, याची नोंद घ्यावयास हवी.

प्रयोग प्रत्यक्षात उतरला तो सुमारे दोन शतकांनंतर, ब्रसेल्सच्या परिसरात. यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट या कॅथलिक वैद्याने एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पावसाच्या अथवा ऊर्ध्वपातित पाण्याखेरीज त्याला दुसरे काहीही दिले नाही. बाहेरची धूळ मातीत मिसळू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसवले. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले, तेव्हा ते १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस भरले. माती पुन्हा वाळवून तोलली. ती घटली होती केवळ दोनएक औंसांनी! मधल्या चार शरद ऋतूंत गळून गेलेली पाने आपण हिशेबात धरलेली नाहीत, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही त्याने दाखवला आहे. त्याने निष्कर्ष काढला, की लाकूड, साल आणि मुळे मिळून झालेले हे १६४ पौंड निव्वळ पाण्यापासून उत्पन्न झाले.

हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि त्या चुकीतील विलक्षण गोष्ट अशी, की बरोबर उत्तर त्याच माणसाच्या हाती होते. ‘गॅस’ हा शब्द जगाला फान हेल्मोंटनेच दिला. त्याच ग्रंथात तो सांगतो, की ओक वृक्षाच्या लाकडाचा ६२ पौंड कोळसा जाळला असता १ पौंड राख उरते. बाकीचे ६१ पौंड एका अदृश्य ‘रानटी’ वायूच्या रूपाने निघून जातात. हा वायू म्हणजे आजचा कर्बवायू. लाकूड जळून वायू होते हे त्याने पाहिले, परंतु वायूचेच लाकूड होत असेल ही शंका त्याला शिवली नाही. वाळुंजाच्या कुंडीवर त्याने झाकण घातले ते धुळीसाठी. हवा काही देत असेल हे त्याच्या गणितात नव्हतेच. पाणी हेच सर्व पदार्थांचे मूलतत्त्व होय, अशी त्याची आधीपासूनच धारणा होती. मनाशी उत्तर पक्के करून प्रयोगाला बसलेल्या माणसाला प्रयोग बहुधा तेच उत्तर देतो.

त्याच्या आयुष्यातील एक प्रकरण झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. जखम ज्या शस्त्राने झाली त्या शस्त्राला मलम लावले असता दूरवरची जखम बरी होते, असा एक समज त्या काळी प्रचलित होता. त्याचे समर्थन करणारे त्याचे एक पुस्तक १६२१ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्यात त्याने एका जेझुइट पंडिताच्या मतांची कठोर शब्दांत संभावना केली होती. पुढे त्याची विधाने धर्मचौकशी मंडळाकडे गेली, ती दोषार्ह ठरली, आणि १६३४ साली त्याला अटक झाली. नंतर दोनएक वर्षे त्याला घरातच स्थानबद्ध राहावे लागले. वाळुंजाच्या प्रयोगाचा या चौकशीशी काही संबंध नव्हता, हे खरे. तेव्हा विज्ञानाविरुद्ध धर्म असा सोपा रंग या प्रकरणाला देता येणार नाही. शस्त्राच्या मलमाविषयी तो चुकलाच होता. पण चुकीच्या मताचे उत्तर अटकेने द्यावयाचे नसते, हेही तितकेच खरे. १६४४ साली तो निवर्तला आणि त्याचा मुख्य ग्रंथ त्याच्या मुलाने १६४८ साली प्रसिद्ध केला. वाळुंजाचा प्रयोग जगाला कळला तो असा, करणाऱ्याच्या मृत्यूनंतर.

त्यानंतरचे नाव स्टीफन हेल्स यांचे. लंडनजवळच्या टेडिंग्टन या गावी १७०९ पासून १७६१ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, ते अँग्लिकन पाळक होते. १७२४ च्या उन्हाळ्यात कुंडीतील सूर्यफुलाचे रोप ते दररोज सकाळ-संध्याकाळ तोलत, आणि पानांवाटे किती पाणी उडून जाते याचा हिशेब मांडत. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी तर्क केला, की पाने आपल्या अन्नाचा काही भाग हवेतून घेत असावीत, आणि प्रकाशाचाही त्यात वाटा असू शकेल. तर्क अचूक होता, परंतु तो सिद्ध करण्याची साधने त्या काळी नव्हती. हवा ही एक वस्तू नसून अनेक वायूंचे मिश्रण आहे, हेच मुळी अद्याप कुणाला ठाऊक नव्हते.

आता आपण या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पुरुषाकडे येतो. जोसेफ प्रीस्टली हे १७६७ ते १७७३ या काळात लीड्स शहरातील एका छोट्या चर्चचे पाळक होते. ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचे होते, आणि ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीची त्यांची मते आपल्याला मान्य होणारी नव्हेत. परंतु त्यांना पडलेला प्रश्न मोठा होता. जगात अहोरात्र चुली पेटतात, असंख्य जीव श्वास घेतात; ज्वलनाने व श्वसनाने हवा बिघडते हे तर दिसतेच. मग ती केव्हाच संपून कशी गेली नाही? ती पुन्हा शुद्ध करणारी काहीतरी योजना सृष्टीत असली पाहिजे. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी, जीत मेणबत्ती जळून विझली होती अशा कोंडलेल्या हवेत, पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी, २७ तारखेस, त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम रीतीने जळाली. पुदिना ठेवलेल्या हवेत उंदीरही सुखाने जगला. वनस्पती बिघडलेली हवा सुधारतात हा शोध १७७२ साली जाहीर झाला आणि रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक देऊन गौरवले. घरातला पुदिना साऱ्या सृष्टीच्या श्वासाशी जोडलेला आहे ही कल्पनाच अशी, की ती ऐकून त्या काळच्या भाविकांनाही भरून आले.

अडचण पुढे आली. इतरांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा तो कधी साधे, कधी साधत नसे. स्वीडनच्या शेलेने रोपे ठेवली तर हवा उलट अधिकच बिघडली. खुद्द प्रीस्टली यांनी काही वर्षांनी प्रयोग पुन्हा केला तेव्हा त्यांनाही एकसारखे उत्तर मिळेना. भांड्याच्या कडेला चढलेल्या हिरव्या थरातून उन्हात शुद्ध हवेचे बुडबुडे निघताना त्यांनी पाहिले, पण तो थर वनस्पतीचा आहे हे त्यांना तेव्हा उमगले नाही. सात-आठ वर्षे हा गोंधळ राहिला. गोंधळाचे मूळ एकच होते: भांडे खिडकीत आहे की कोपऱ्यात, वेळ दिवसाची आहे की रात्रीची, हे टिपून ठेवावे असे कुणालाही वाटले नव्हते.

ते ज्याला वाटले तो यान इंगेनहाउझ. १७३० साली नेदरलँड्समधील ब्रेडा येथे एका कॅथलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्या प्रजासत्ताकात कॅथलिकांना सार्वजनिक पदे बंद होती. वैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी तो लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात गेला. पुढे लंडनमध्ये त्याने देवी टोचण्याची विद्या आत्मसात केली. जेन्नरच्या गोस्तन देवीच्या आधीची ही पद्धत. रोग्याच्या फोडातील लस निरोगी माणसाला टोचावयाची, म्हणजे जोखीम मोठी. देवीच्या साथीने व्हिएन्नाच्या राजघराण्यातील माणसे दगावली, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने १७६८ साली त्याला बोलावून घेतले. राजपुत्रांना त्याने टोचले, ते सुखरूप राहिले, आणि इंगेनहाउझ आजन्म वेतनावर दरबारी वैद्य झाला.

१७७९ च्या उन्हाळ्यात रजा घेऊन तो इंग्लंडमध्ये आला, लंडनपासून काही मैलांवर साउथॉल ग्रीन येथे एक घर भाड्याने घेतले आणि तीन महिन्यांत ५०० हून अधिक प्रयोग केले. काचपात्रात विहिरीचे पाणी भरावयाचे, त्यात ताजी पाने बुडवावयाची, पात्र उपडे करून उन्हात ठेवावयाचे, आणि पानांवरून उठणारे बुडबुडे गोळा करून त्या हवेची शुद्धता तपासावयाची. ही रीत सुचण्यात जिनेव्हाच्या शार्ल बोने याचा अप्रत्यक्ष वाटा आहे. त्याने १७५४ सालीच असे बुडबुडे पाहिले होते, पण ते पाण्यातील हवेचे, पानांचे नव्हेत, असे ठरवून तो पुढे गेला होता. इंगेनहाउझ तेथे थांबला. एकच पात्र त्याने उन्हात ठेवले, सावलीत ठेवले, रात्री ठेवले. सूर्याच्या उष्णतेचा हा परिणाम असेल या शंकेने अंधारात विस्तवाजवळही ठेवून पाहिले. उत्तर दर वेळी एकच आले. हवा शुद्ध होते ती उजेडात, उष्णतेने नव्हे. ती शुद्ध करतात पाने आणि हिरवे देठ. मुळे, फुले व फळे हे कार्य करीत नाहीत. रात्री तर सगळी वनस्पती प्राण्यांप्रमाणेच हवा दूषित करते, परंतु दिवसाच्या कामाच्या मानाने ते अगदी थोडे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. रात्रीच्या या दूषित हवेविषयी त्याने वाचकांना जरा अधिकच सावध केले. त्यातूनच आजाऱ्याच्या खोलीतील फुले रात्री बाहेर नेऊन ठेवण्याच्या रिवाजाला बळ मिळाले. आपल्याकडेही रात्री झाडाखाली झोपू नये असे वडीलधारी माणसे सांगत आणि त्याला मुंजा-खवीसाचे कारण देत. मग शिक्षक मंडळींनी खवीसाच्या जागी कर्बवायूला बसवले. वास्तविक कुंडीतील रोप रात्रभरात जो कर्बवायू सोडते, त्याहून कितीतरी अधिक शेजारी झोपलेला माणूस सोडतो. आणि उघड्यावरच्या झाडाचा वायू तर वाऱ्यावर कोठच्या कोठे निघून जातो. झाडाखाली झोपणाऱ्याने भ्यावयाचेच असेल, तर विंचवाला नि सापाला भ्यावे.

पुस्तक निघाले आणि भांडण सुरू झाले. प्रीस्टली यांनी १७७९ सालीच एका परदेशी स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले होते, की सुट्या पानांचे कार्य आणि दिवस-रात्रीतील भेद या दोन गोष्टी आपल्या हातून निसटल्या व इंगेनहाउझला गवसल्या. परंतु जाहीर लेखनात ते इतके उदार राहिले नाहीत. प्रकाशाचा प्रभाव आपणही स्वतंत्रपणे ओळखला होता, असा त्यांचा सूर दिसू लागला. तिकडे जिनेव्हाचे पाळक झां सेनेबिए हे बोनेचे शिष्य. त्यांनी १७८२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि श्रेयाच्या वादात तेही उतरले. त्यांचे योगदान खरोखर मोलाचे आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात पाने उन्हात ठेवली तरी बुडबुडे निघत नाहीत. त्याच पाण्यात कर्बवायू विरघळवला की ते पुन्हा निघू लागतात. म्हणजे पान हवा शुद्ध करते ते उगीच नव्हे; ते कर्बवायू घेते आणि प्राणवायू सोडते. फान हेल्मोंटचा ‘रानटी’ वायू अखेर झाडापर्यंत येऊन पोहोचला, पण तोपर्यंत १३४ वर्षे उलटली होती.

तिघेही श्रद्धावान, तिघेही सत्यशोधक, आणि श्रेयासाठी तिघांनीही एकमेकांवर लेखण्या परजल्या, हे वाचताना मन थोडे खट्टू होते. तथापि निवाडा करावयाचाच झाला, तर आमचे मत स्पष्ट आहे. प्रश्न प्रीस्टली यांचा, कर्बवायूचे उत्तर सेनेबिए यांचे. परंतु प्रकाश आणि हिरवे पान ही जी या क्रियेची दोन मर्मस्थाने, ती इंगेनहाउझची आहेत, आणि त्यांच्यावाचून इतर दोघांचे निष्कर्ष लटपटतच राहिले असते. पुढे १७९६ साली त्याने आणखी एक पाऊल टाकले. हवा शुद्ध करणे हा वनस्पतींचा परोपकार नसून तो त्यांच्या जेवणाचा भाग आहे, आणि हवेतील कर्बवायूतूनच त्या आपले शरीर बांधतात, असे त्याने प्रतिपादन केले. लावोझिएचे नवे रसायनशास्त्र त्याने स्वीकारले होते, म्हणून त्याला हे दिसू शकले. प्रीस्टली अखेरपर्यंत ‘फ्लॉजिस्टन’ या जुन्या कल्पनेला, म्हणजे जळणाऱ्या पदार्थातून काहीतरी बाहेर पडते या समजुतीला, चिकटून राहिले.

दोघांचाही शेवट परमुलखात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेतल्यामुळे आणि धर्ममतांमुळे रोष ओढवून जमावाने १७९१ साली बर्मिंगहॅममध्ये प्रीस्टली यांचे घर व ग्रंथसंग्रह जाळला. १७९४ साली ते अमेरिकेस गेले व १८०४ साली तेथेच वारले. त्याच १७९४ साली लावोझिए गिलोटिनखाली गेला. इंगेनहाउझ क्रांतीच्या धामधुमीत व्हिएन्नाला परतू शकला नाही. ७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडमधील बोवुड या वाड्यात त्याने देह ठेवला आणि जवळच्या काल्न या गावी त्याला मूठमाती देण्यात आली. पंचवीस वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १७७४ रोजी, प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या भस्मातून प्राणवायू मिळवला होता, तो याच वाड्यात.

उरलेला हिशेब जिनेव्हाच्याच निकोला-तेओदोर द सोस्यूर याने १८०४ साली पुरा केला. कोंडलेल्या हवेत रोपे वाढवून त्याने वायूंचे व रोपांचे मोजमाप केले, तेव्हा घेतलेल्या कर्बापेक्षा रोपांचे वजन अधिक वाढलेले आढळले. ती वाढ पाण्याची होती. म्हणजे फान हेल्मोंट अगदीच चुकला नव्हता. पाणीही झाडाच्या घटनेत शिरते, पण एकटे नव्हे. मातीतून येतात ते नत्र व क्षार. प्रमाणाने थोडे, पण अपरिहार्य. वाळुंजाच्या कुंडीतील ते गहाळ दोन औंस, ज्यांकडे पाच वर्षे खपलेल्या माणसाने क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष केले होते, त्यांतच शेतीच्या खताचे सारे शास्त्र दडलेले होते. लाकडाच्या कोरड्या वजनापैकी जवळजवळ अर्धा भाग निव्वळ कर्ब असतो, आणि तो सगळा हवेतला.

यानंतरची वाटचाल प्रयोगशाळांतून झाली आणि ती थोडक्यात सांगता येईल. सूर्यप्रकाशाची शक्ती वनस्पतीत रासायनिक रूपाने साठते हे जर्मन वैद्य मायर याने १८४५ साली मांडले. पानात पिष्ट तयार होते ते प्रकाशामुळे, हे झाक्सने आयोडिनच्या साहाय्याने १८६० नंतरच्या दशकात दाखवले. बाहेर पडणारा प्राणवायू कर्बवायूतून येतो असे सेनेबिएपासून बहुतेकजण धरून चालले होते. तो पाण्यातून येतो हे अमेरिकेत रूबेन, केमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली सिद्ध केले. त्यांपैकी रूबेन १९४३ साली, ऐन तारुण्यात, विषारी वायूच्या अपघातात मरण पावला. कर्बाची साखर कोणकोणत्या पायऱ्यांनी होते हे उलगडल्याबद्दल १९६१ साली मेल्व्हिन कॅल्व्हिन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कामात मोठा वाटा उचलणारे अँड्र्यू बेन्सन त्या मानात सहभागी नव्हते. श्रेयाची वाटणी विसाव्या शतकातही सोपी झालेली नव्हती.

आपल्या देशाचाही या इतिहासात एक धागा आहे. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात बेल्जियमहून आलेले फादर यूजीन लाफों हे जेझुइट धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत. विद्यार्थ्यांपुढे प्रयोग करून दाखवण्याची त्यांची हातोटी विख्यात होती. जगदीशचंद्र बोस त्यांचे विद्यार्थी. विज्ञानाची गोडी आपल्याला त्यांच्याकडून लागली हे ऋण बोस यांनी मानले. पुढे वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळलेल्या बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण तयार केले आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हायड्रिलाचा तो प्रयोग शाळांतून मुलांना दाखवला जातो. पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात चार डहाळ्या, त्यांवर उपडे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवले की डहाळ्यांच्या टोकांशी बुडबुड्यांची माळ सुरू होते. ते उचलून कपाटात ठेवले की माळ विरळ होत होत थांबते. १७७९ च्या उन्हाळ्यात साउथॉल ग्रीन येथे इंगेनहाउझ दिवसामागून दिवस पाहत बसला होता तो हाच खेळ.